गाठ गेली का, हे कधी आणि कसं विचारायचं

मी रेडिएशनच्या मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट आहे. मेंदूच्या गाठीचा पेशंट शेवटचा शेक घेऊन उठला, तोंडावरचा जाळीचा मास्क निघाला, की नातेवाईक दारातच विचारतात, "ताई, गेली का हो गाठ?" त्या दिवशी ते कुणालाच सांगता येत नाही.

सुरुवात ऑपरेशनपासून करा. दोन कागद मागून घ्या: ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत झालेला एमआरआय, सीडीसकट, आणि बायॉप्सीचा रिपोर्ट. "सगळी काढली" हे सर्जनना डोळ्यांनी दिसलेलं असतं. किती उरली ते या एमआरआयवर ठरतं. उशीर झाला तर जखमेचीच चमक दिसते आणि उरलेली गाठ वेगळी ओळखणं अवघड जातं. बायॉप्सीत ग्रेड (गाठ किती आक्रमक आहे) आणि आयडीएच (गाठीच्या जनुकातल्या बदलाची तपासणी) बघा, ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे वेगाने वाढणारी मेंदूची कॅन्सरची गाठ, असेल तर एमजीएमटीही (केमोच्या गोळ्या किती लागू पडतील याचा अंदाज देणारी तपासणी) विचारा. शेजारच्या काकांना काय झालं होतं, ते इथे उपयोगाचं नाही. ग्रेड १ चा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ) पूर्ण निघाला तर बहुधा शेक लागतच नाही. ग्लायोब्लास्टोमाला सहसा ६ आठवड्यांत ३० शेक आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी २ वर्षांनी सुमारे १० टक्के हयात होते, गोळ्याही घेतलेल्यांपैकी सुमारे २६. पेशंटला आकडे नको असतील तर नको. पण घरातल्या एकाने तरी ते ऐकावेत.

शेकानंतरच्या पहिल्या स्कॅनला जपून. पहिल्या तीनेक महिन्यांत रेडिएशनच्या सुजेमुळेही गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. रिपोर्टमधला "वाढ" हा शब्द वाचून रडारड करण्याआधी डॉक्टरांना विचारा: ही खरी वाढ की रेडिएशनचा परिणाम? थांबून पुन्हा स्कॅन करायचा का? जुनी सीडी सोबत न्या. स्कॅनच्या दिवशी डेक्सामेथासोनचा (सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी) डोस किती होता तेही लिहून ठेवा, कारण डोस वाढला की सूज उतरते आणि चित्र उगाच बरं दिसतं. ही गोळी मनाने बंद करायची नाही. तिने रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून ती मात्र तपासत राहा.

मणक्याच्या गाठीत स्कॅनइतकंच चालण्याकडे लक्ष द्या. कॅन्सर मणक्यात पसरून मज्जारज्जू दाबला जात असेल, तर उपचार सुरू होताना पेशंट चालत होता का, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. पाय लटपटू लागले, लघवी अडली, तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका. रविवार असला तरी त्याच दिवशी फाईल घेऊन कॅज्युअल्टी गाठा.