झाड आजारी आहे का, हे बुंध्यापाशी बसून ओळखा

मी आधी वर बघतच नाही, बुंध्याशी उकिडवा बसतो. खाली लाकडाचा भुगा सांडलाय? मग खोडकिड्याचं भोक वर कुठंतरी बहुधा असणार, बोटं फिरवून शोधा. भोकाच्या तोंडाशी भुगा ताजा, ओलसर असेल तर अळी अजून आत पोखरतेय. एखाद्या डहाळीची साल नखानं खरवडा: हिरवं, ओलं निघालं तर जीव आहे, तपकिरी, कोरडं निघालं तर ती डहाळी गेली. खोडावर फळीसारखी टणक अळंबी दिसली, तर पानं कितीही टवटवीत असोत, आतलं लाकूड कुजतंय. आणि अशा झाडाचं वाळकं जळण घरी आणू नका. मी आणलं होतं. महिन्याभरात ओंडक्यातून भुंगेरे बाहेर पडले, थेट अंगणातल्या झाडाकडे.