बारावीला मानसशास्त्र घेतलंय? या चुका टाळा

अकरावीच्या प्रवेशाला हमखास सल्ला मिळतो, "मानसशास्त्र ली ले, सोपं शे." विषय सोपा वाटतो, कारण राग, आठवण, ताण हे शब्द रोजचे. म्हणून मग पेपरात निबंध उतरतो. 'माणसाला ताण येतो, त्याने खचून जाऊ नये' असली वाक्यं पानभर लिहिली तरी गुण येत नाहीत. तपासणारा संज्ञा, व्याख्या आणि त्यांना लागू पडणारं उदाहरण शोधत असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऋण प्रबलन आणि शिक्षा यांत. 'ऋण' दिसलं की मुलं शिक्षा लिहून मोकळी होतात. मे महिन्यात भुसावळला माणूस डोक्याला रुमाल बांधून निघतो. चटका कमी लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी आपणहून बांधतो. त्रास हटला आणि वर्तन वाढलं, हे ऋण प्रबलन. आता वर्गात मोबाईल वाजला, सरांनी जप्त केला, नंतर त्या मुलाचा कधी वाजला नाही. इथेही काहीतरी काढूनच घेतलं, पण वर्तन घटलं, म्हणून ही शिक्षा. काय दिलं, काय काढलं हे नंतर. आधी वर्तन वाढलं की घटलं ते बघा. एवढं पक्कं झालं की मानसशास्त्रज्ञ स्किनरचं साधक अभिसंधान, म्हणजे परिणामांवरून वर्तन शिकणं, निम्मं समजलं.

पाव्हलॉव्हच्या प्रयोगात घंटा वाजवून कुत्र्याला अन्न दिलं जाई, मग नुसत्या घंटेनेही त्याला लाळ सुटू लागे. त्या घंटेला सुरुवातीपासूनच अभिसंधित उद्दीपक (जोडणीतून प्रतिसाद घडवणारी गोष्ट) म्हणू नका. अन्नाशी जोडली जाईपर्यंत ती तटस्थ असते. आणि पाव्हलॉव्हला 1904 चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, अभिसंधानासाठी नाही.

बुद्धिगुणांकात (आयक्यू) भागाकार उलटा होतो. मानसिक वय (बुद्धी किती वर्षांच्या मुलाइतकी आहे ते) वर, शारीरिक वय (जन्मापासूनचं) खाली, गुणिले 100. मानसिक 12, शारीरिक 10, तर 120. दहा वर्षांच्या हुशार मुलाचं उत्तर 83 आलं, तर तुम्ही अपूर्णांक उलटा मांडलाय.

प्रयोगवही मागच्या वर्षीच्या मुलांची उतरवू नका. आकडे जुळतात, पण 'तुमच्या प्रयुक्ताने (ज्याच्यावर प्रयोग केला त्याने) काय सांगितलं?' या प्रश्नाला तोंड उघडत नाही. घरच्यांवर प्रयोग करताना सूचना अहिराणीत द्या, बिनधास्त द्या, फक्त सगळ्यांना शब्दशः त्याच द्या. आजीला दोनदा समजावलं आणि भावाला एकदाच, तर फरक स्मरणाचा की सूचनेचा, कसं कळणार? स्मरणाच्या यादीत केळी, कापूस, मळा टाकले तर रावेरच्या मुलाला ते आपोआप आठवतील. स्मरणाचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउसने 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरर्थक शब्द वापरले ते यासाठीच.

मानसिक विकृतींचं प्रकरण झालं की वर्गात एकमेकांना निदानं वाटली जातात. ते थांबवा. दुहेरी व्यक्तिमत्त्व म्हणजे छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), हेही चूक. ते दोन वेगळे विकार आहेत.

आणखी एक गैरसमज वेळेआधी मिटवलेला बरा. औषधं लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तसं व्हायचं असेल तर आधी एमबीबीएस, म्हणजे नीट, म्हणजे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. कला शाखेतून बीए, एमए करून पुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम केला, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येतं. धाकट्या भावंडांनाही सांगा: यातलं काय हवं, ते अकरावीचा फॉर्म भरण्याआधी ठरवा.