इंग्रजी कविता आधी कानाने वाचा: एम.ए.साठी आधुनिक ब्रिटिश कवितेचा अभ्यास कसा करावा

एम.ए.च्या वर्गावर आधुनिक ब्रिटिश कविता शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. दर वर्षी नवी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, गाईड कोणतं घ्यायचं?" कोणतंही नको. गाईडमध्ये कवीचं चरित्र असतं, 'आधुनिक माणसाचं एकाकीपण' असतं, दहा ठळक मुद्दे असतात. कविता नसते. त्यापेक्षा पुढच्या क्रमाने जा.

१. कवी निवडा. अभ्यासक्रमात पंधरा असले तरी खोलात तिघांच्याच जा. मी हार्डी, एलियट आणि लार्किन सुचवते. 'ब्रिटिश' हे लेबलही एकदा तपासून घ्या. एलियट अमेरिकेत सेंट लुईसला जन्मला आणि १९२७ साली ब्रिटिश नागरिक झाला. आयरिश कवी शेमस हीनीला १९८२च्या पेंग्विनच्या समकालीन ब्रिटिश कवितासंग्रहात घेतलं, तर पुढच्याच वर्षी त्याने पद्यात पत्र लिहून आपला पासपोर्ट हिरवा, म्हणजे आयर्लंडचा, असल्याचं बजावलं.

२. कवितेचा पाठ, म्हणजे तिची नेमकी छापील संहिता, नक्की करा. नेटवर सापडली ती कविता उतरवून घेतली, असं चालणार नाही. ऑडनच्या 'सप्टेंबर १, १९३९'मध्ये एकमेकांवर प्रेम करा 'नाहीतर मरा' अशा अर्थाची ओळ आहे. तिथला 'ऑर' बदलून ऑडनने 'अँड' केला आणि पुढे ती कविताच आपल्या संग्रहातून काढून टाकली. तुमच्यासमोर कोणता पाठ आहे हे माहीत नसेल, तर त्या ओळीवर लिहिलेलं सगळं वाया जातं.

३. टिपांविना वाचा. एलियटची 'द वेस्ट लँड' ऑक्टोबर १९२२मध्ये 'क्रायटेरियन' या नियतकालिकात आली तेव्हा तिला टिपा नव्हत्या. त्या नंतर पुस्तकात आल्या. आय. ए. रिचर्ड्स केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव झाकून कविता द्यायचे आणि त्यावर लिहायला सांगायचे. त्या प्रयोगाचं पुस्तक १९२९ साली झालं. तुम्हीही मैत्रिणीकडून नाव झाकलेली कविता मागून घ्या आणि पाऊण तासात एक पान लिहा. आठवड्याला एक.

४. कान तयार करा. इथे मी दोन वर्षं अडले होते, म्हणून सविस्तर सांगते.

आपलं वृत्त ऱ्हस्व-दीर्घावर चालतं. शाळेत लगावली लिहायची, गण पाडायचे, हे हाताला बसलेलं असतं. मी तेच इंग्रजीला लावलं. कविता होती हार्डीची 'द व्हॉइस'. त्याची बायको एमा २७ नोव्हेंबर १९१२ला गेली, आणि कवितेखाली डिसेंबर १९१२ अशी नोंद आहे. पहिली ओळ: 'वुमन मच मिस्ड, हाऊ यू कॉल टू मी, कॉल टू मी'. 'वु' ऱ्हस्व म्हणून मी लघु लिहिला. 'हाऊ', 'यू', 'टू', 'मी' सगळे गुरू. ओळभर गुरूच गुरू झाले आणि चाल काही सापडेना. वर्गात 'डॅक्टिलिक टेट्रामीटर' एवढं फळ्यावर लिहून दिलं गेलं. आम्ही ते पाठ केलं आणि पेपरात उतरवलं. ऐकू कुणालाच आलं नव्हतं.

इंग्रजी वृत्त आघातावर, म्हणजे बोलताना जोर कुठे पडतो त्यावर चालतं. 'वुमन'मध्ये जोर 'वु'वर आहे, तो ऱ्हस्व असला तरी. 'टू' आणि 'मी' कागदावर दीर्घ दिसतात, पण इथे तोंडातून पुसट निघतात. म्हणून ओळ अशी तुटते: वुमन मच | मिस्ड हाऊ यू | कॉल टू मी | कॉल टू मी. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या सिलॅबलवर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या अवयवावर, जोर, मागे दोन हलकी. गुरू-लघु-लघु असा आपला भ गण आहे ना, त्याच्या जवळची चाल. फक्त गुरूच्या जागी जोर. असा तुकडा म्हणजे डॅक्टिल, आणि ओळीत असे चार म्हणून टेट्रामीटर.

आपण इंग्रजी सपाट बोलतो, प्रत्येक सिलॅबलला सारखं वजन देतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर असतो आणि 'फोटोग्राफी' म्हटलं की तो 'टो'वर सरकतो. हे सरकणं ऐकू येईपर्यंत वृत्तांची नावं पाठ करू नका.

करायचं ते असं. शब्दकोशात उच्चार लिहिताना छोटी उभी रेघ दिलेली असते. ती ज्या सिलॅबलच्या आधी, त्यावर जोर. ओळीतल्या मोठ्या शब्दांचे जोर आधी पेन्सिलने लावा, कारण ते ठरलेले असतात. मग एकेका सिलॅबलचे शब्द घ्या: नामं-क्रियापदं बहुधा जोरकस, 'टू', 'ऑफ', 'द' बहुधा हलके. मग ओळ कुणाशी बोलल्यासारखी म्हणा. मग टेबलावर बोटाने ठेका धरून म्हणा. ठेका आणि बोलणं जिथे जुळत नाही तिथे खूण करा. वृत्ताचं नाव सगळ्यात शेवटी.

ती न जुळणारी जागा फार मोलाची असते. 'द व्हॉइस'ची तीन कडवी त्या झुलत्या ठेक्यात जातात आणि चौथं सुरू होतं: 'दस आय; फॉल्टरिंग फॉरवर्ड'. पहिल्या ओळीत बारा सिलॅबल होती, इथे सात, आणि दोन शब्दांनंतरच अर्धविराम. फॉल्टरिंग म्हणजे अडखळत. माणूस अडखळतो तशी ओळही अडखळते, भोवती पानं गळताहेत, काटेरी झुडपातून वारा येतोय, आणि ती अजून हाका मारतेच आहे. हे मला प्रथम ऐकू आलं तेव्हा मी खोलीचं दार लावून ती कविता चार वेळा मोठ्याने वाचली.

दोन सूचना. नटांनी केलेली वाचनं आधी ऐकू नका. जोर कुठे द्यायचा हे ते ठरवून टाकतात. लार्किनचं स्वतःच्या आवाजातलं वाचनही आपल्या खुणा झाल्यावरच ऐका. आणि मुक्तछंदात कानाला सुट्टी असते, हे साफ चूक आहे. 'द वेस्ट लँड'च्या सुरुवातीच्या ओळी 'ब्रीडिंग', 'मिक्सिंग', 'स्टरिंग' अशा क्रियापदांवर लोंबकळत संपतात. पुढच्या ओळीत गेल्याशिवाय वाचणाऱ्याला थांबताच येत नाही.

५. इतिहास, चरित्र, समीक्षा, थिअरी आता वाचा. वेळ कमी लागेल, कारण काय शोधायचंय ते ठाऊक असेल.

६. लिहा. पहिल्या परिच्छेदात कवीचा जन्म नको, महायुद्ध नको. थेट खूण केलेल्या ओळीपासून सुरुवात करा. कच्चा मसुदा झाला की प्रत्येक वाक्यात कवितेचं नाव बदलून पाहा. 'द व्हॉइस'च्या जागी दुसरी कोणतीही विरहाची कविता घालूनही वाक्य तसंच चालत असेल, तर ते खोडा. माझ्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या मसुद्यातलं निम्मं पान असंच जातं. उरलेल्या निम्म्यावरून दुसरा मसुदा लिहायला घ्या.