विकिपीडियावर नवीन माणसाला बोट धरून कसं शिकवायचं

शिकवायला बसलात की माउस त्यांच्या हातात द्या आणि काहीही झालं तरी परत घेऊ नका. मी हे आधी सांगतोय कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते, समोरचा माणूस हळू टाईप करतो, वेलांटी शोधत बसतो, आणि आपल्याला राहवत नाही म्हणून आपण म्हणतो द्या इकडे मी करून दाखवतो. दाखवून होतं, पण घरी गेल्यावर त्यांना काहीच आठवत नाही, कारण बोटांनी ते केलेलंच नसतं.

मी हे नाशकात गेली काही वर्षं जमेल तसं करतोय, कधी कॉलेजची मुलं, कधी रिटायर झालेले शिक्षक, आणि सध्या आमच्या ओळखीतल्या एक काकू आहेत जुन्या नाशकातल्या, तिवंधा चौकाजवळ लहानपण गेलेल्या. त्यांना रहाडींबद्दल लिहायचंय. बाहेरच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे रंगपंचमीला उघडतात तो रंगाचा मोठा हौद, पेशवेकाळापासूनचा, वर्षभर बुजवून झाकून ठेवलेला असतो आणि त्या दिवशी लोक त्यात धप्पा म्हणजे उडी मारतात. काकूंना त्यातलं इतकं माहितीये की ऐकत बसावं. आणि अशीच माणसं आपल्याला हवीत, त्यामुळे कुणी म्हणालं मला कॉम्प्युटर येत नाही तर सोडू नका, कॉम्प्युटर दोन संध्याकाळी येतो, माहिती आयुष्यभर गोळा करावी लागते.

अकाऊंट घरूनच काढून यायला सांगा. एका नेट कनेक्शनवरून दिवसाला साधारण ६ च अकाऊंट काढता येतात, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये तीस मुलं एकदम बसवलीत तर सातव्यापासून पुढच्यांना एररच येणार आणि अर्धा तास तिथेच जाणार, मी हे अनुभवलंय. ईमेल टाकणं सक्तीचं नाही पण टाकायला लावाच, नाहीतर पासवर्ड विसरला की परत मिळत नाही. सदस्यनाव म्हणून दुकानाचं, संस्थेचं, मंडळाचं नाव नको, अकाऊंट एका माणसाचं असतं. स्वतःचं खरं नाव दिलंच पाहिजे असंही नाही, विशेषतः मुलींना हे आवर्जून सांगा. एकदा काढलेलं अकाऊंट मराठी, इंग्रजी, हिंदी सगळ्या विकिपीडियांवर चालतं.

मग टायपिंग. मोबाईलवर मराठी कीबोर्ड बहुतेकांकडे असतो, मेसेज मराठीतूनच करतात की. कॉम्प्युटरवर मात्र लोक अडतात, तर विकिपीडियाच्या स्वतःच्या लिहायच्या खिडकीत मराठीची सोय आहे, कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की चालू-बंद होते, त्यात इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटणारी अक्षरांतरण पद्धतही आहे आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट मराठी अक्षरांच्या कळांचा कीबोर्ड, तोही. ज्याला जी सवय ती वापरू द्या, यावर वाद घालत बसू नका.

आता पहिलं काम. नवीन लेख नाही, अजिबात नाही. त्यांना ज्या विषयाची माहिती आहे असा आधीपासून असलेला लेख उघडा, नाशिक, गोदावरी, पंचवटी काहीही, आणि म्हणा यात एक शुद्धलेखनाची चूक शोधा. आणि च्या जागी आणी, विद्यार्थी च्या जागी विध्यार्थी, सापडतंच. 'संपादन'वर क्लिक (मोबाईलवर पेन्सिलचं चिन्ह), चूक दुरुस्त, खाली काय बदललं ते दोन शब्दांत लिहायचं, 'शुद्धलेखन' एवढं पुरतं, आणि प्रकाशित करा. झालं. तो बदल त्याच क्षणी जगाला दिसतो आणि माणसाचा चेहरा बदलतो, काकूंनी तर तिथूनच मुलीला फोन लावला.

त्यानंतर लगेच 'इतिहास' दाखवा. हे लोक शेवटी दाखवतात, माझ्या मते हे दुसऱ्याच मिनिटाला दाखवायचं. प्रत्येक बदल तारखेसकट, नावासकट तिथे राहतो, कुणी पूर्ण लेख पुसला तरी जुनी आवृत्ती दोन क्लिकमध्ये परत आणता येते. नवीन माणसाची सगळ्यात मोठी भीती असते की माझ्या हातून काहीतरी बिघडलं तर, आणि ती भीती तुम्ही कितीही समजावलंत तरी जात नाही, इतिहासाचं पान डोळ्यांनी बघितलं की जाते. बाकी मनसोक्त खेळायला धूळपाटी आहे. जुन्या काळी पाटीवर धूळ पसरून पोरं अक्षरं गिरवायची तीच ही धूळपाटी, तिथे काहीही लिहा, पुसा, ठळक करा, तक्ता टाका, कुणी काही म्हणत नाही.

आता खरं अवघड. संदर्भ.

काकूंनी धूळपाटीवर रहाडीबद्दल दीड पान लिहिलं, सुंदर लिहिलं, कोणत्या रहाडीचा रंग कोणता, मान कुणाचा, त्यांचे आजोबा काय सांगायचे. आणि मला त्यांना सांगावं लागलं की यातलं बहुतेक असंच्या असं लेखात टाकता येणार नाही. त्या म्हणाल्या, अरे पण मी स्वतः बघितलंय. बरोबर आहे, त्यांचं खोटं नाहीच, पण वाचणाऱ्याला ते तपासता आलं पाहिजे, आणि आजोबांचं बोलणं तो तपासणार कसं? छापून आलेलं हवं, पुस्तक, वर्तमानपत्र, गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. हे सांगताना नियम म्हणून तोंडावर फेकू नका, लोकांना वाटतं आपल्यावर विश्वास नाही. मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्हाला जे माहितीये ते कुणीतरी लिहिलं असणार, आपण ते शोधू, आणि तुम्हाला माहिती असल्यामुळे ते तुम्हाला इतरांपेक्षा लवकर सापडेल. खरंच तसं होतं. काय शोधायचं हे जाणकारालाच कळतं.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे, आपल्याला इतकी जुनी लायब्ररी गावात मिळालीये तर तिथे घेऊन जा नवीन माणसाला, एक दुपार फक्त त्यासाठी ठेवा. सोबत वही. पुस्तक सापडलं की लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान नंबर, हे पाचही तिथेच उतरवून घ्यायचे, पान नंबर राहिला की परत फेरी पडते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकचा खंड १८८३ चा आहे, सोळावा, इंग्रजीत आहे पण जुन्या नाशिकबद्दल त्यात भरपूर मिळतं आणि कॉपीराइटही संपलेला. मग लेखात जे वाक्य लिहिलं त्याच्या लगेच शेवटी संदर्भ जोडायचा, संदर्भ जोडायचं बटण वरच्या पट्टीत असतं, आणि एका वाक्याला एक संदर्भ अशी सवय पहिल्या दिवसापासून लावा. सगळं लिहून झाल्यावर संदर्भ टाकू म्हणणारे नंतर कधीच टाकत नाहीत.

कॉपीराइटचं पण असंच, उदाहरणाने सांगा. तात्यासाहेबांची कविता आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, आणि नाशिकचा माणूस कुसुमाग्रजांच्या लेखात जाऊन पूर्ण कविता पेस्ट करणार हे ठरलेलं. पण ते गेले १० मार्च १९९९ ला, आणि आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०५९ संपेपर्यंत ती कविता तशी उचलता येत नाही. पेपरमधली बातमीही तशीच्या तशी नाही, वाचायची, पेपर मिटायचा, आणि आपल्या शब्दांत लिहायची. हा पेपर मिटायचा भाग महत्त्वाचा आहे, समोर ठेवून लिहिलं की वाक्यं तीच येतात. फोटोही गुगलवरून उचललेला नको, स्वतः काढलेला चालतो, तो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यावर, चढवायचा.

भाषेबद्दल एक. आपल्याकडे माणसाबद्दल लिहायचं म्हणजे थोर, महान, आदरणीय, श्रद्धास्थान असं येतंच, शाळेपासून सवय आहे. काकूंच्या सोबत येणाऱ्या एका सरांनी दादासाहेब फाळक्यांवर अशी पाच विशेषणं लावली होती. मी खोडायला नाही सांगितलं, विचारलं, सर याच्या जागी काय माहिती टाकता येईल? त्यांनीच लिहिलं, ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकला जन्म, १९१३ ला राजा हरिश्चंद्र, १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला निधन. एवढं वाचल्यावर महान म्हणायची गरजच उरत नाही. 'त्यांचा', 'ते होते' हे मात्र राहू द्या, तो मराठीतला साधा आदर आहे.

आणि एक दिवस त्यांचं लिहिलेलं कुणीतरी उडवणार, त्याची तयारी आधीच करून घ्या. आमच्या भागातल्या एका मुलाने आपल्या मंडळावर लेख लिहिला होता, मेहनतीने, रात्री जागून, दुसऱ्या दिवशी गायब. तो परत आलाच नाही. चूक माझी होती, मी त्याला आधी सांगायला हवं होतं की स्वतःच्या मंडळावर, क्लासवर, दुकानावर आपण लिहायचं नसतं, आणि बाहेरच्या कुणी त्या विषयावर नीट लिहून छापलेलं नसेल तर लेख टिकत नाही. आता मी पहिल्याच आठवड्यात सांगतो, बदल उडाला तर काय करायचं: आधी इतिहासात जाऊन कारण वाचायचं, लगेच परत टाकायचं नाही, लेखाच्या 'चर्चा' पानावर विचारायचं. तरी नाही कळलं तर चावडीवर विचारायचं, गावातल्या चावडीसारखीच जागा आहे, प्रचालक, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था बघणारे सदस्य, तेही तिथे असतात. आणि पहिल्यांदा असं होईल तेव्हा तुम्ही शक्यतो शेजारी असा, निदान फोन उचला. त्या एका संध्याकाळी माणूस टिकतो किंवा जातो.

चर्चा पानावर लिहिताना शेवटी सही लागते, ती त्यांच्याच हाताने करून घ्या, कीबोर्डवर डावीकडे वर एस्केपच्या खाली लाटेसारखं चिन्ह असतं टिल्ड म्हणून, शिफ्ट धरून ते चार वेळा, नाव आणि वेळ आपोआप येते. काकूंनी मागच्या आठवड्यात रहाडीच्या एका तारखेवरून दुसऱ्या एका सदस्याला असा प्रश्न विचारला, पान नंबरसकट, आणि मला ते नंतर कळलं.