जुन्या फर्निचरवर क्राफ्टची खोली उभी करताय? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यात किंवा पाचपाखाडीत एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, की सागवानी फडताळं, जाळीची कपाटं, शिवणमशिनचे बिडाचे पाय, लोखंडी ट्रंका असं सगळं भंगारात निघतं. माझी खोली अशाच सामानाने भरली आहे. चुकले ते बहुतेक एकाच ठिकाणी: वस्तू आवडली म्हणून आधी घरी आणली आणि तिच्यात काय ठेवायचं ते नंतर ठरवलं. बारा इंच खोल फळीवर ए-थ्री कागद आडवा ठेवला तरी जेमतेम बसतो, दार लावताना कोपरे मुडपतात. ए-टू तर गुंडाळूनच ठेवावा लागतो. म्हणून आधी आपला सगळ्यात मोठा कागद आणि सगळ्यात उंच बाटली मोजा, मग टेप घेऊन बाहेर पडा.

आणलेलं कपाट थेट खोलीत नेऊ नका. आठवडाभर बाल्कनीत ठेवा आणि खाली काळा कागद पसरा. लाकडाला बारीक भोकं असतील आणि कागदावर पिठासारखा भुगा पडत राहिला, तर आत भुंगा जिवंत आहे. आधी औषध करून घ्या. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी, तिचा बंदोबस्त वेगळा.

जुना ऑइलपेंट कोरड्या पॉलिशपेपरने घासणं ही सगळ्यात धोक्याची चूक. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासल्यावर उडणारी धूळ पोरांच्या पोटात जाते. पाणी लावूनच घासा, मास्क घाला, नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसा. रंग धड असेल तर तो खरवडूच नका, वरून नवा हात द्या.

आता पावसाळा, कारण ठाण्यात खरी परीक्षा तीच. एका जुलैत माझे खण अडकायला लागले. मी सुतारकाकांना बोलावून कडांवर रंधा मारून घेतला. जानेवारीत तेच खण खुळखुळायला लागले, पुढून झुकायला लागले. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं आणि हिवाळ्यात आक्रसतं, हे ध्यानात घ्यायला हवं होतं. पावसाळ्यात फक्त खण बाहेर काढून सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासा. दिवाळीनंतरही अडकत असेल, तरच रंधा.

जाळी काढून काच बसवण्याचा मोह मलाही झाला होता. छान दिसते, पण ती जाळी आतल्या दुधादह्याला वारा लागावा म्हणून होती, आणि लोकर, कापड, कागद यांनाही आपल्या हवेत तोच वारा लागतो. धूळ नको असेल तर आतून मलमलीचा पडदा लावा. कपाट भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच सोडा. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला तर कपाट नकोच. पायांखाली कडप्प्याचे तुकडे द्या, म्हणजे फरशी पुसताना लाकूड पाणी पिणार नाही.

ट्रंकेत कापड ठेवण्याआधी गंज खरवडून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग लावा. गंजाचे डाग सुती कापडावरून सहजी जात नाहीत.

शिवणमशिनच्या पायांवर फळी टाकून कटिंगचं टेबल करणाऱ्यांनी उंची बघावी. ती साधारण तीस इंच असते, म्हणजे बसून शिवायची. तासभर उभं राहून कापड कापलं की कंबर धरते. उभ्याच्या कामाला पस्तीस-छत्तीस इंच लागतात, तेवढी उंची होईल असे लाकडी ठोकळे पायांखाली पक्के बसवून घ्या. आणि पायटा (मशिन चालवायचं खालचं पायडल) तारेने बांधून टाका, नाहीतर तो हलतो आणि पायाची बोटं त्यात सापडतात.