फाइल चढली म्हणजे सबमिट झाली असं नाही

लॉगिन, पासवर्ड, कोर्स कुठे दिसतो हे ओरिएंटेशनमध्ये सांगतात, त्यात मी पडत नाही. इथली विद्यापीठं असाइनमेंट, क्विझ वगैरे ज्या वेबसाइटवर घेतात ती तुमच्याकडे कॅनव्हास असो, मूडल असो की ब्लॅकबोर्ड, परदेशात शिकायला आलेली आपली मुलं दरवर्षी त्याच त्याच जागी अडकतात.

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. मूडलमध्ये प्राध्यापकांनी तशी सेटिंग ठेवली असेल तर फाइल सेव्ह करूनही ती ड्राफ्टच राहते. खाली 'सबमिट असाइनमेंट' असं वेगळं बटण असतं. ते दाबायचं, पुढे खात्रीसाठी विचारतात तिथे 'कंटिन्यू' म्हणायचं, आणि 'सबमिटेड फॉर ग्रेडिंग' अशी अक्षरं दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. ओळखीतल्या एका मुलीने टर्म पेपर दोन दिवस आधी चढवला आणि निर्धास्त झाली. मिळालं शून्य. प्राध्यापक एरवी नावाने हाक मारू देणारे, गप्पिष्ट. पण सिस्टिममध्ये आलं नाही म्हणजे आलं नाही. इथला मोकळेपणा डेडलाइनपर्यंत पोचत नाही, हे लिहून ठेवा. सबमिट झाल्यावर तीच फाइल परत उतरवून उघडून बघा. घाईत जुनी आवृत्ती चढवणारे कमी नाहीत.

प्रोफाइलमधला टाइम झोन तपासा. तिथे घरचा झोन राहिला असेल तर डेडलाइन भलत्याच वेळेची दिसते.

क्विझचं घड्याळ खिडकी बंद केली तरी चालूच राहतं. आणि तासाभराची क्विझ बंद व्हायला वीस मिनिटं असताना सुरू केलीत, तर बहुतेक ठिकाणी वीसच मिनिटं मिळतात.

डिस्कशनमध्ये 'आय अॅग्री' लिहून मार्क मिळत नाहीत. कित्येक कोर्समध्ये स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचं दिसतच नाही, त्यामुळे 'आधी बाकीच्यांचं बघू' हा आपला आवडता बेत तिथे फसतो.

आता आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. घरं शोधायला तो उत्तम, अभ्यासाला घातक. 'टर्निटिन अमुक टक्क्यांच्या खाली आणा, मग काही होत नाही' हा सल्ला तिथे कायम फिरत असतो. टर्निटिन म्हणजे तुमचं लिखाण इतरांच्या लिखाणाशी ताडून बघणारं सॉफ्टवेअर. त्याचा तो टक्क्यांचा आकडा फक्त जुळणारा मजकूर मोजतो. अवतरणं, संदर्भसूचीही त्यात येऊ शकतात. चोरी आहे की नाही हे माणूस वाचून ठरवतो. सीनियरची जुनी असाइनमेंट 'नुसती बघायला' मागू नका. ती सहसा टर्निटिनच्या साठ्यात जमा असते आणि नेमकी जुळते. ग्रुपवर डेडलाइनही विचारू नका. मूडल ओपन सोर्स आहे, प्रत्येक विद्यापीठ ते आपल्या सोयीने वळवतं. दुसरीकडच्या मित्राचा स्क्रीनशॉट तुमच्या कामाचा नाही.

अनाउन्समेंटचे ईमेल चालू ठेवा, बाकीचे बंद केलेत तरी चालेल.

टर्म संपली की पुष्कळ ठिकाणी कोर्स दिसेनासा होतो. लेक्चरच्या स्लाइड्स राहिल्या तर राहू द्या, पण सिलॅबसची पीडीएफ आणि प्राध्यापकांचे शेरे उतरवून घ्या. क्रेडिट ट्रान्सफर करायची वेळ आली की सिलॅबसच मागतात.