गोट्यांमधला गलीचा डाव कसा खेळायचा

रिंगणात मांडलेल्या गोट्या उडवायच्या, मुठीत झाकून एकी की बेकी विचारायची, असे गोट्यांचे डाव बरेच आहेत. शिकणाऱ्याने मात्र गलीपासूनच, म्हणजे जमिनीतल्या छोट्या खड्ड्यात गोटी घालण्याच्या डावापासूनच, सुरुवात करावी. नेम आणि जोर दोन्ही इथे हातात बसतात. तीन ते पाच गडी पुरेत. जास्त झाले की पाळीची वाट बघत मुलं कंटाळतात.

आधी जागा. जमीन सपाट आणि घट्ट हवी. मुरमावर खड्याला लागून गोटी वाकडी जाते, भुसभुशीत मातीत जागीच रुतते. थोडं पाणी शिंपडा, टाच रोवा आणि गोल फिरवा, की गल तयार. तोंड तीन बोटं रुंद आणि खोली इंचभर ठेवा. निघालेली माती काठावर राहू देऊ नका. तिथे उंचवटा राहिला, तर नेमकी आलेली गोटीसुद्धा उसळून पलीकडे जाते. काठ अंगठ्याने आत उतरता दाबून घ्या आणि वाळू द्या. गलीपासून सात-आठ पावलांवर रेघ ओढा.

आता पकड, आणि खरा डाव इथेच जिंकला जातो. डाव्या हाताचा अंगठा जमिनीवर रोवायचा. गोटी त्याच हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला लावून उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत धरायची, बोट धनुष्यासारखं मागे ताणायचं आणि सोडायचं. सोडताना रोवलेला अंगठा हलला की नेम गेलाच. घामट बोटांतून गोटी आधीच निसटते, म्हणून बोटं कोरड्या मातीत चोळून घ्यावीत. टवका उडालेली गोटी सरळ धावत नाही. ती बाजूला ठेवा.

रेघेवरून सगळ्यांनी एकेक गोटी गलीकडे टाकायची. ज्याची सर्वांत जवळ, त्याची पहिली पाळी. गोटी गलीत गेली की एक, दुसऱ्याची टिपली की एक. मोजणी ‘अकलम खाजा, दुकलम राजा’ अशी चालते. पुढचे शब्द गावागणिक बदलतात. गुण मिळाला की पुन्हा खेळायचं, चुकला की पाळी पुढच्याची. गलीत गेलेला गडी काठापासून एक वीत मोजून तिथून नेम धरतो. एकच गोटी लागोपाठ दोनदा टिपायची नाही, मध्ये गल घ्यायची, हे आधीच ठरवा. नाहीतर नेमबाज गडी एकाच गोटीवर सगळे गुण काढतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात.

जवळची गोटी सरपटत टिपावी. वाटेत खडा असेल तरच हवेतून उडवावी, कारण हवेतली लागली तरी आपली गोटी लांब जाऊन पडते आणि पुढची गल अवघड होते.

दहा झालेला सुटतो. शेवटी उरलेल्यावर राज्य: त्याने रेघेपासून गलीपर्यंत आपली गोटी कोपराने ढकलत न्यायची आणि सुटलेल्यांनी ती टिपून लांब उडवायची. प्रत्येकाला किती फटके, तेही आधीच ठरवा; कोपर सोलवटतं. तीन वर्षांखालचं मूल जवळ असेल तर डाव संपताच गोट्या मोजून पिशवीत भरा, तोंडात गेली तर गोटी घशात अडकते.